पाळण्याभोवतीची माणसं

आमच्या पडवीच्या कठड्याला एक पंचा कायमचा अडकवलेला असतो. खाली बादली, तांब्या आणि करवंटीत साबणाची वडी. नवीन माणूस आलं की आधी त्या पंचाकडे बघतं, मग माझ्याकडे. काहींना ते आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. "आम्ही काय उकिरड्यावरून आलोय का?" असं एक मावशी तोंडावर म्हणाल्यासुद्धा. तरी पंचा तिथेच आहे. तो तिथे कसा आला हे सांगायचं म्हणून लिहायला बसले. आपल्यापैकी कुणाच्या तरी घरी या घडीला पाळणा टांगलेला असेल, आणि नसेल तर शेजारीपाजारी बाळ बघायला जायचं असेलच.

माझी लेक झाली २०२३ च्या जूनअखेरीस, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर. आठ वर्षांत लोकांनी काय काय विचारलं ते सोडा, तुम्हाला ते सांगायला नको. पहिलं बाळंतपण म्हणून रिवाजाप्रमाणे मी माहेरी गेले. सासर रत्नागिरी शहरात आणि माहेर तिथून एस.टी.ने पाऊण तासावर, खाडीकाठच्या गावात. बाळंत झाले रत्नागिरीतच, दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी आईकडे आले.

आमच्या रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जून-जुलैत कोसळतो. पावसातलं बाळंतपण म्हणजे लंगोटांचं बाळंतपण. दिवसाला पंचवीस-तीस लंगोट, दुपटी, झबली. वाळायचं नाव नाही. पडवीत, माजघरात, मोरीच्या दोरीवर, जिकडे बघावं तिकडे ओले फडके. आई शेगडीवर बांबूची टोपली पालथी घाली आणि तिच्यावर एकेक लंगोट पसरून शेकत बसे. 'हल्ली विकतचे मिळतात ते वापर' असं सगळे सांगत. मी रात्री वापरायचेही. पण दमट हवेत दिवसभर ते बांधले की लेकीची मांडी लाल व्हायची. आईला माझं तेलपाणी, अळिवाची खीर, लाडू, बाळाची अंघोळ आणि वर हे लंगोट. तिची पासष्टी उलटलेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छत्री मिटत पहिली पाहुणी आली, ती गावातली आशाताई. झोळीच्या काट्यात घालून तिने बाळाचं वजन केलं, काखेत ताप पाहिला, नाळ पाहिली, मला अंगावर पाजताना बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ समोर धरून बाळाचे श्वास मोजले. सातव्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा तेच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं, असा नेम आहे. मला वाटलं, सरकारी काम, वहीत खुणा करायच्या असतील. आई तर तिला म्हणालीच, "सारखं काय मोजतेस गो? बाळ म्हणजे काय आंब्याची पेटी?" ती हसली. मोजणं मात्र थांबवलं नाही.

दहा दिवस सुवेर, म्हणून कुणी फारसं फिरकलं नाही. बाळंतिणीला शिवायचं नाही, तिच्या खोलीत जायचं नाही. लहानपणी मला या गोष्टीचा राग यायचा, अजूनही येतो. अंधारी खोली, त्यात वावडिंग-ओव्याची धुरी, आणि ती बिचारी एकटी. पण एक गंमत बघा. दहा दिवस माणसं लांब ठेवायची आणि बाराव्या दिवशी सगळी एकदम आत सोडायची, असा हा आपला हिशेब. आमच्या बारशाला साठ माणसं झाली. गावातली, शहरातली, पुण्याची, मुंबईची. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली, त्याआधी मुंबईची माणसं अशी एका दिवसाच्या कार्याला येत नसत. रात्रभर एस.टी.त अंग आंबवून घ्यायला लागायचं. त्याही आधी बोटीचे दिवस, तेव्हा तर पत्रावरच समाधान. आता सकाळची गाडी धरायची आणि पाळण्याला हजर.

तशाच आमच्या वन्सं आल्या, डोंबिवलीहून. यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे बाळाची एकुलती एक आत्या. त्यांच्याशिवाय नाव कोण ठेवणार? त्या खोकत होत्या. "काही नाही गं, गाडीतला वारा," म्हणाल्या. कुंची घातली, बाळंतविड्याचं तबक पुढे केलं, बाळाच्या कानात 'कुर्र' केलं आणि गालाला गाल लावून पापा घेतला. मी समोर पाटावर बसले होते. मला दिसत होतं. मला बोलायचं होतं, पण बोलले नाही.

का बोलले नाही, ते खरं सांगते. भीड. हक्काची आत्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, आणि माझ्यासाठी सोळा सोमवार केलेल्या. त्यांना 'जरा लांबून' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. वर्गात पन्नास मुलांना 'रुमाल धरून खोका' असं दरडावणारी मी! त्याच दुपारी एका काकूंनी मधाचं बोट बाळाच्या ओठाला लावलं, तेव्हाही मी नुसती बघतच राहिले.

सतराव्या दिवशी बाळाचं नाक वाजायला लागलं. आईने ओव्याची पुरचुंडी शेकली, वेखंड लावलं. विसाव्या रात्री लेक प्यायला तोंड लावी आणि सोडून देई. रडेही ना. आम्ही म्हटलं, बरं झालं, आज शांत झोपली.

एकविसाव्या दिवशी धो धो पावसात आशाताई आली. काटा बाहेर काढायच्या आधीच तिने बाळाचं झबलं वर केलं आणि घड्याळ धरलं. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मिनिटाला बहात्तर. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून जास्त झाले तर ते धोक्याचं, आणि बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल तर त्याहूनही धोक्याचं, हे तिनेच मग रिक्षात सांगितलं. घरात ती एवढंच म्हणाली, "वयनी, जेवण ऱ्हाऊंदे, कपडे ऱ्हाऊंदेत. आत्ता निघायचं."

सहा दिवस लेक प्राणवायूवर होती. त्या सहा दिवसांबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

डॉक्टरांनी समजावलं, मोठ्या माणसाला ज्याने नुसती सर्दी होते, तोच विषाणू एवढ्याशा बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्यांत उतरला की नळ्या सुजून बंद होतात. मी विचारलं, कुणामुळे झालं? ते म्हणाले, बारशाला किती माणसं होती? साठ. मग साठांतल्या कुणाहीमुळे. हे उत्तर मला नको होतं. मला एकच नाव हवं होतं आणि ते मी मनात पक्कं केलेलं होतं. यांनी बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. पलीकडून "माझ्यामुळे?" एवढंच आलं, आणि फोन बंद झाला. दोन महिने त्यांचा फोन नाही, आमचाही नाही.

त्या आशाताईचा मागोवा मी पुढे वाचून काढला. १९९५ पासून गडचिरोलीच्या एकोणचाळीस खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, ऊब द्यायला आणि न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू त्या गावांत बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि २०११ पासून हेच काम देशभरच्या आशांकडे आलं. म्हणजे गडचिरोलीच्या रानात ज्या बायका घराघरांत गेल्या, त्यांच्यामुळे माझ्या माहेरच्या पडवीत छत्री मिटत ती आली होती. साठ माणसं बाळाला बघून गेली. नाक कुणासारखं, रंग कुणाचा, सगळं त्यांनी पाहिलं. झबलं वर करून पाहणारी ही एकटी.

दवाखान्यातून मी माहेरी गेले नाही, डॉक्टर जवळ असावेत म्हणून सासरी आले. तीन महिन्यांचं माहेरपण एकवीस दिवसांत संपलं आणि आई मागे ओल्या लंगोटांसारखी निथळत राहिली. इथे आल्यावर मी दार बंद केलं. कुणीही यायचं नाही, कुणीही बाळाला घ्यायचं नाही. दारात उभं राहून लोकांना परतवायचं काम सासूबाईंकडे आलं. गुडघे दुखणारी ती माउली कठड्याला धरून "डॉक्टरांनी नको सांगितलंय हो" म्हणत असे. डॉक्टरांनी एवढं काही सांगितलं नव्हतं. यांच्या चुलतभावाची बायको बाळंतविडा घेऊन फाटकातून परत गेली, ती अजून आमच्याकडे आलेली नाही. मी दोनदा जाऊन आले. चहा दिला, बोलली, पण ते काही जुळलं नाही.

आणि मग मीच कोमेजले. हे कामावर, सासूबाई दुपारी पडलेल्या, बाहेर पाऊस, आणि घरात मी आणि बाळ. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. शिकवलेल्या तासांचे पैसे, बाकी रजा वगैरे काही नाही. कायद्यातली सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा मी फक्त वर्तमानपत्रात वाचलेली. त्यामुळे शाळेतूनही कुणाचा 'कधी येणार' असा फोन येत नव्हता. न्हाणीघरात नळ सोडून रडायचं, हा रोजचा कार्यक्रम झाला. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस असं रडू येतं आणि जातं. पण दोन आठवडे उलटूनही उदास वाटत राहिलं, झोप उडाली, बाळाकडे बघवेना, तर तो आजार असतो आणि त्याला उपाय असतो. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी डॉक्टरांना आधीच सांगितलं असतं. सांगितलं ते फार उशिरा.

पाऊस जरा उघडला की संध्याकाळी हे आम्हा दोघींना थिबा पॅलेसच्या बाजूला फिरवून आणत. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, ते आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण त्याची चौथी मुलगी १८८७ साली इथेच जन्मली, हे मी तोवर कधी मनावर घेतलं नव्हतं. हा राजवाडा तेव्हा नव्हताच, तो झाला १९१० मध्ये. परक्या मुलखात, परक्या भाषेत, असल्या पावसात त्या राणीने तान्ही मुलगी सांभाळली. तिला बघायला माहेरचं कोण येणार होतं? तिच्या दारावर पहारा इंग्रजांचा होता. माझ्या दारावरचा मीच बसवला होता.

गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला आले. आदल्या दिवशी वन्सं दारात. बरोबर यजमान नाहीत, मुलं नाहीत. सासूबाईंचा चेहरा उजळला नि लगेच माझ्याकडे वळला. वन्सं पडवीतच थांबल्या. म्हणाल्या, "पाय धुवायला पाणी दे गं." मी तांब्या दिला. त्यांनी पाय धुतले, कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, साडी बदलली. बाळाबद्दल अवाक्षर नाही. सरळ मागल्या दारी गेल्या. तिथे दोन बादल्या लंगोट पडले होते, आणि गणपतीच्या गडबडीत तिकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. त्या बसल्या आणि धुवायला लागल्या. मी "अहो, राहू दे" म्हटलं. "तू झोप जा," म्हणाल्या. मी खरंच जाऊन झोपले. कित्येक दिवसांनी सलग तीन तास! उठले तेव्हा त्या शेगडीपाशी टोपलीवर लंगोट शेकत बसल्या होत्या, अगदी माझ्या आईसारख्या.

तेव्हा त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता. त्यांचा धाकटा मुलगा डोंबिवलीतच झाला, २००५ च्या जुलैत. बाळ चार दिवसांचं असताना २६ जुलैचा तो महापाऊस. यजमान कचेरीत दोन दिवस अडकलेले, गाड्या बंद, फोन बंद, तळमजल्याच्या खोलीत गुडघाभर पाणी. थोरला चार वर्षांचा आणि हे तान्हं, दोघांना घेऊन त्या पलंगावर बसून होत्या. शेजारच्या चाळीतली एक बाई, जिच्याशी आधी धड ओळखही नव्हती, पाण्यातून खिचडीचं पातेलं डोक्यावर घेऊन आली. तिने बाळाला हातही लावला नाही. म्हणाली, माझे हात घाण पाण्याचे आहेत, तुम्ही आधी खा. "रत्नागिरीहून कुणी यायला पंधरा दिवस लागले गं," वन्सं म्हणाल्या. "तेव्हाच ठरवलं, कुणाचंही बाळ असो, मी जायचंच. ताप असो, खोकला असो."

मी काय बोलणार? तो पापा आणि ते सहा दिवस, यावर आम्ही आजतागायत समोरासमोर बोललेल्या नाही. मी उठले, लेकीला आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पदर तोंडावरून घेतला आणि लांबूनच तिच्याकडे बघत राहिल्या.

पडवीतला पंचा दुसऱ्या दिवशी गणपतीच्या पाहुण्यांसाठी लागला. कल्पना सासूबाईंची. पूर्वी आलेल्याला आधी पाय धुवायला पाणी देतच होते, त्यात नवीन काय, म्हणाल्या. ते मला फार आवडलं. 'हात धुवा' म्हटलं की माणूस दुखावतं, आणि 'पाय धुवा, बसा' म्हटलं की पाहुणचार होतो. पाय धुताना हात आपसूक धुतले जातात, आणि साबण पुढे असला की लागतो. नकार द्यायची वेळ आलीच तर तो बाळंतिणीने देऊ नये, घरातल्या मोठ्या माणसाने द्यावा, त्याचा मान राहतो आणि तिची भीड. आमच्या बाबतीत सासूबाई होत्या म्हणून निभावलं. पण तो बोजा एकट्या त्यांच्यावर टाकला, हे माझं चुकलंच. हे काय करत होते, असं तुम्ही विचाराल. हे आत बसून पेपर वाचत होते.

बारशाचं म्हणाल तर आता माझ्या धाकट्या जावेला मी सांगितलं, आणि तिने ऐकलं. बाराव्या दिवशी घरच्या पाच माणसांत नाव ठेवलं आणि जेवणावळ तीन महिन्यांनी केली. तोवर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी झालेल्या असतात, बाळ जरा तगडं झालेलं असतं, आणि आईला पाटावर तासभर बसवतं. आत्याचं काही बिघडलं नाही, ती दोनदा आली.

तुम्ही बघायला जात असाल तर सर्दी-खोकला असताना जाऊ नका, मग तुम्ही सख्खी आत्या का असेना. बाळाचा पापा घेऊ नका. बोटाला मध तर मुळीच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंच्या बीजांनी अंगातली ताकद जाण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्ष होईपर्यंत मध वर्ज्य. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, पाणीसुद्धा नाही. आमच्या आयांनी आम्हाला सहाणेवरच्या गुटीवर वाढवलं खरं, पण हल्ली डॉक्टर तीही नको म्हणतात. या गोष्टीवरून सासूबाईंशी माझे तीन दिवस अबोल्याचे गेले, नंतर सहाण उचलून फळीवर ठेवली. काजळही घरातून गेलं. तीट मात्र अंगठ्याने तळपायाला लावतात, तिथे मी हरले.

मिठाईचा खोका नेऊ नका. माझ्याकडे सात खोके आले, आणि मला हवं होतं मऊ भात, तूप नि मेतकूट. डबा न्या. डबा परत घ्यायच्या निमित्ताने पुन्हा जाता येतं. अर्ध्या तासाच्या वर बसू नका, बसलात तर लंगोटांच्या घड्या घाला. 'दूध पुरतं का गं?' हे विचारू नका, त्याने पुरणारं दूधही आटल्यासारखं वाटतं. 'जेवलीस का' हे विचारा.

पुढचं वर्ष भरभर गेलं. सहा महिने संपले तसं उष्टावण, मग संक्रांतीला बोरन्हाण. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने, आणि बोरं वेचायला आळीतली पंधरा पोरं. ती सगळी पडवीत रांगेने हात धुऊन आत आली आणि अर्धी बादली त्यांनी एकमेकांच्या अंगावर उडवली. जानेवारीपासून मी शाळेत दोन तास घ्यायला लागले. तेवढा वेळ लेक सासूबाईंकडे. शिमग्याला, २०२४ च्या मार्चमध्ये, माहेरी गेलो. ग्रामदेवतेची पालखी दारात आली, ढोल-ताशांनी अंगण दणाणलं. लेक नऊ महिन्यांची, दोनच दिवसांपूर्वी गोवर-रुबेलाची लस टोचलेली, त्यामुळे किरकिरी. आईने देवीची ओटी भरली. वन्संही मुद्दाम आल्या होत्या. माझ्या माहेरच्या शिमग्याला त्या पहिल्यांदाच आल्या. त्यांनी भाचीला खांद्याशी धरलं होतं आणि दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले होते. आशाताई गर्दीत पालखीमागे होती. तिने लांबूनच बोटांनी विचारलं, किती महिने? मी नऊ बोटं दाखवली. तिने मान डोलावली.

पहिल्या वाढदिवसाला पुन्हा तसाच पाऊस. वन्संची गाडी दोन तास उशिरा आली. फाटक वाजलं तशी लेक माझ्या कडेवरून वाकून बघायला लागली. वन्संनी छत्री मिटली. त्या बादलीकडे वळायच्या आधीच लेकीने आपले दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायला सुरुवात केली होती.